उत्तर धाराशिवने दिले, पुढे काय झाले?

ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा वैद्यकीय प्रयोग सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. प्रश्न साधा होता. गर्भाशयमुखाचा कर्करोग लक्षणे दिसण्याआधीच पकडायचा, तर खेड्यात जमेल अशी तपासणी कोणती? त्यासाठी गावांचे ५२ समूह करून ते चार गटांत विभागले गेले. पहिल्या गटातील स्त्रियांची एचपीव्ही या विषाणूसाठी चाचणी झाली. दुसऱ्या गटात पॅप स्मिअर, म्हणजे पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच, लावून पांढरा डाग उमटतो का हे डोळ्यांनी पाहणे. चौथ्या गटात तपासणी नव्हती. फक्त आजाराची माहिती आणि तपासणी कुठे होते याची कल्पना दिली गेली. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्योन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी हे काम केले.

तपासणी आयुष्यात एकदाच करायची आणि मग आठ वर्षे वाट पाहायची, असा आराखडा होता. निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ हजारांवर स्त्रिया होत्या. त्यांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१ हजारांवर स्त्रिया होत्या; तिथे मृत्यू ६४. पुढच्या टप्प्यात गेलेले कर्करोग एका बाजूला ३९, दुसऱ्या बाजूला ८२. एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. पॅप स्मिअर आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र तसा ठोस फरक दिसला नाही.

या आकड्यांना दुसरी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नाही. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणी न देणे नैतिक होते का, यावर पुढे बरीच वर्षे वाद झाला. धाराशिव, मुंबई आणि तमिळनाडूतील दिंडिगुल अशा तिन्ही ठिकाणच्या प्रयोगांत तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेले गट होते. पॅप स्मिअरने कर्करोग टळतो हे श्रीमंत देशांत आधीच माहीत असताना गरीब बायकांना तपासणीविना का ठेवले, त्यांना हे पुरेसे समजावून सांगितले होते का, असे टीकाकारांचे प्रश्न होते. देशात सर्वसामान्य स्त्रीला तेव्हा कोणतीच तपासणी मिळत नव्हती, त्यामुळे तुलना त्या वास्तवाशीच करायला हवी होती, असे संशोधकांचे म्हणणे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण संशोधकांच्या या युक्तिवादाला एक अट आपोआप चिकटते: प्रयोगातून जे सिद्ध होईल ते त्याच वर्गातील स्त्रियांपर्यंत लवकर पोहोचले पाहिजे. ही अट पाळणे संशोधकांच्या नव्हे, सरकारच्या हातात होते.

ती किती पाळली गेली, याचे उत्तर प्रयोगानंतर दहा वर्षांनी झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) मिळते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आयुष्यात एकदा तरी तपासणी झाली आहे, असे सांगणाऱ्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रिया देशभरात १.९ टक्के. स्तनांची तपासणी झालेल्या ०.९ टक्के. तोंडाची तपासणी झालेले पुरुष १.२ टक्के. आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि सुमारे ८० हजार त्याने दगावतात. हा असा आजार आहे, की ज्याचे कारण माहीत आहे, ज्यावर लस आहे आणि जो कर्करोग होण्याआधी दहा-पंधरा वर्षे पकडता येतो. वैद्यकशास्त्रात इतकी सोयीची परिस्थिती फार थोड्या कर्करोगांबाबत आहे.

हा अवधी का मिळतो, हे समजून घेण्यासारखे आहे. एचपीव्हीची लागण अगदी सर्रास होते. लैंगिक संबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना ती कधी ना कधी होऊन जाते आणि बहुतेकांच्या शरीरातून विषाणू वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो. त्यामुळे चाचणीत विषाणू आढळला म्हणजे चारित्र्याबद्दल काही कळले असे नव्हे, आणि कर्करोग झाला असे तर मुळीच नव्हे. मोजक्या स्त्रियांत त्याचे काही प्रकार, विशेषतः १६ आणि १८ क्रमांकाचे, मुक्काम ठोकतात. मग तिथल्या पेशी हळूहळू बदलू लागतात. या बदलातून कर्करोग व्हायला अनेक वर्षे जातात. मधल्या काळात बदललेला भाग उष्णता देऊन किंवा गोठवून नष्ट करता येतो. काम काही मिनिटांचे, भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याची बहुधा गरज पडत नाही. म्हणूनच ज्या स्त्रीत विषाणूच नाही तिला पुढची काही वर्षे निर्धास्त राहता येते. धाराशिवच्या प्रयोगात नेमके हेच दिसले. पॅप किंवा व्हिनेगरच्या तपासणीत ‘काही नाही’ असे सांगितलेल्या स्त्रियांमध्ये पुढे कर्करोगाचे प्रमाण, एचपीव्ही चाचणीत ‘काही नाही’ निघालेल्यांच्या चौपटीहून जास्त होते.

धाराशिवचा प्रयोग बार्शीच्या आधाराने उभा राहिला, हेही विसरता येत नाही. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरात रुग्णालयांच्या नोंदी गोळा केल्या की आकडे मिळतात. खेड्यात रुग्ण डॉक्टरपर्यंत पोहोचतच नव्हते, तर नोंद कुठून मिळणार? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले, लोकांना भेटून लक्षणे सांगू लागले, संशयित रुग्णांना तपासणीला यायला राजी करू लागले. मोजणीसाठी केलेल्या या फेऱ्यांचा एक परिणाम ठरवून केलेला नव्हता: काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्या टप्प्यात येऊ लागले. कोणतेही यंत्र न आणता, केवळ कोणी तरी दारात येऊन नीट बोलले म्हणून. आज ‘जनजागृती’ या शब्दाखाली जे फलक आणि फेऱ्या होतात त्यांच्याशी या कामाची तुलना करून पाहावी.

मुंबईतील प्रयोगाने वेगळा धडा दिला. १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, व्हिनेगरने गर्भाशयमुखाची आणि हाताने स्तनांची तपासणी झाली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत हे मांडले तेव्हा त्याची जगभर बातमी झाली. स्तनांच्या तपासणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सगळ्या वयोगटांचा एकत्रित विचार केला तर मृत्यूंतील १५ टक्के घट योगायोगाची असू शकते, इतकी कच्ची होती. पन्नाशीनंतरच्या स्त्रियांत मात्र ती सुमारे ३० टक्के आणि भरवशाची होती. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. संशोधनाची उत्तरे अशीच अर्धवट, वयाची अट घातलेली असतात. ‘दर महिन्याला स्वतः तपासा आणि कर्करोग टाळा’ अशा सरसकट घोषणांमध्ये ही अट गळून पडते.

मग व्हिनेगर धाराशिवमध्ये का चालले नाही? एक तर तिथे फेरी एकच झाली. शिवाय पांढरा डाग ओळखणे हे नजरेचे काम आहे. करणारी व्यक्ती बदलली की निकाल बदलतो, आणि पाळी गेल्यानंतर जिथे बदल होतात तो भाग आत सरकतो, डोळ्यांना दिसत नाही. थोडक्यात, वारंवार, कडक देखरेखीत केले तर व्हिनेगर चालते. एकदाच करायचे तर एचपीव्ही चाचणी हवी. केंद्राने २०१६ मध्ये तपासणीचा आराखडा आणला तेव्हा व्हिनेगरची पद्धत निवडली आणि ती दर पाच वर्षांनी करायची असे ठरवले. तेव्हा एचपीव्ही चाचणी महाग होती, परदेशी संचांवर अवलंबून होती, हे कारण समजण्यासारखे आहे. परंतु दोन प्रयोगांतून नेमके जे नको ते एकत्र आले. चाचणी मुंबईची आणि अंतर धाराशिवच्या जवळ जाणारे.

सरकारी आकडे आता मोठे दिसतात. ३० वर्षांवरील सुमारे १० कोटी स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी झाल्याचे केंद्राने जुलै २०२५ मध्ये संसदेत सांगितले. पात्र स्त्रिया २५ कोटींवर. १.९ टक्क्यांवरून काही वर्षांत ही मजल असेल तर ती अभूतपूर्व म्हणावी लागेल. पण तपासणी ही एका दिवसाची घटना नाही, साखळी आहे. आशाताई घरी येऊन अर्ज भरतात, त्यात जोखमीचे गुण मोजले जातात, मग उपकेंद्रात प्रत्यक्ष पाहणी, डाग आढळला तर तालुक्याला किंवा जिल्ह्याला रवानगी, तिथे खात्री आणि उपचार. प्रत्येक कडीवर बायका गळतात. कामाचा दिवस बुडतो, एसटीचे भाडे लागते, सोबत कोण येणार हा प्रश्न असतो, तपासणीच्या खोलीला कडी नसते. म्हणून ‘किती तपासल्या’ यापेक्षा ‘किती जणींत दोष आढळला आणि त्यांपैकी किती जणींचा उपचार पूर्ण झाला’ हे दोन आकडे जिल्हावार जाहीर होणे जास्त उपयोगाचे आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उघडण्याची घोषणा झाली, तिचे स्वागतच व्हायला हवे. केमोथेरपीसाठी मुंबईच्या पदपथावर मुक्काम करणाऱ्या कुटुंबांना त्याचे मोल माहीत आहे. मात्र उपचाराची घोषणा दिसते, फीत कापता येते. टळलेला कर्करोग कुणालाच दिसत नाही.

महागड्या चाचणीचे कारणही आता लंगडे पडू लागले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली आहे. २०२५ मध्ये दोन देशी एचपीव्ही चाचण्यांची शहानिशा पूर्ण झाली. त्यांतील एक गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावर चालते, दुसरी पुण्याच्या मायलॅबची आहे. दोन्ही नावे वाचकांना करोनाकाळापासून परिचित असतील. ट्रूनॅट यंत्रे क्षयरोग कार्यक्रमामुळे तालुक्यापर्यंत पोहोचलेली आहेत, आरटी-पीसीआर प्रयोगशाळा करोनाने जिल्ह्याजिल्ह्यात उभ्या केल्या. आणखी महत्त्वाचे म्हणजे या चाचणीचा नमुना स्त्रीला स्वतः, आडोशाला जाऊन, एका काडीवर घेता येतो. टेबलावर पाय पसरून झोपण्याची जी लाज लाखो बायकांना दवाखान्यापासून दूर ठेवते ती अडचणच त्यामुळे उरत नाही. काडी आशाताईंच्या पिशवीत मावते.

लशीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मदतीने मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लशीशी संबंध आढळला नाही. सर्पदंश, बुडणे अशी कारणे होती. पण दुसरी गोष्ट उघड झाली आणि ती खरी होती. आंध्रमध्ये कित्येक मुलींच्या संमतिपत्रावर पालकांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले. एप्रिल २०१० मध्ये सरकारने अशा सर्व अभ्यासांतील लसीकरण थांबवले, आणि या लशीबद्दलचा संशय पुढे दशकभर टिकला. संमतीत केलेला आळस लशीला किती महाग पडतो, याचे याहून बोलके उदाहरण नसेल.

या थांबण्यातून मात्र विज्ञानाला एक अनपेक्षित देणगी मिळाली. बार्शी, पुणे, मुंबईसह देशातील अनेक केंद्रांवर तेव्हा दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, याचा अभ्यास चालू होता. लसीकरण मध्येच थांबल्याने सुमारे ५ हजार मुलींना एकच मात्रा मिळाली होती. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. वर्षानुवर्षे त्यांच्या तपासण्या सुरू ठेवल्या. दहा वर्षांनंतर, २०२१ मध्ये, लक्षात आले की १६ आणि १८ क्रमांकाच्या विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एका मात्रेनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळाले आहे, जवळजवळ दोन-तीन मात्रांइतकेच. केनिया आणि कोस्टा रिकातील अभ्यासांनीही हाच कौल दिला. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयोगटासाठी एक मात्राही चालेल असे जाहीर केले. गरीब देशांचा लशीचा खर्च आणि खटाटोप त्यामुळे अर्ध्यावर आला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ मध्ये बाजारात आली आणि फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचे अर्थमंत्र्यांनी जाहीर केले. सिक्कीमने तर २०१८ मध्येच शाळांमधून लस देऊन ९० टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत ती पोहोचवली होती. तिथे आधी शिक्षक आणि पालकांशी बोलणे झाले, मग सुई.

‘मुलगी लहान आहे, तिला आत्ताच ही लस कशाला’ असा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. उत्तर सरळ आहे. लस लागणीच्या आधी दिली तरच पूर्ण उपयोगी पडते. लागण झाल्यावर ती विषाणूला हुसकावत नाही. गोवराची लसही गोवर येण्याआधीच द्यायची असते.

सवयींचे काय? मराठी घरात कर्करोग टाळण्याच्या सल्ल्यांना तोटा नाही. हळद, लिंबूपाणी, तांब्याच्या भांड्यातले पाणी, प्लास्टिकचा डबा. यांतले काही निरुपद्रवी, काही निव्वळ फॉरवर्ड. पुराव्याच्या दृष्टीने महाराष्ट्रात एक सवय बाकी सगळ्यांवर मात करते, ती म्हणजे तंबाखू, आणि तीही ओढण्याची नव्हे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर तंबाखू चघळणारे, मळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के. स्त्रियांमध्ये १७ टक्के तंबाखू वापरणाऱ्या. यांतल्या अनेकींच्या लेखी ते व्यसनच नाही, कारण ती मिश्री आहे. तव्यावर भाजलेली तंबाखूची पूड, सकाळी दात घासायला म्हणून सुरू झालेली, मग दुपारी शेतात आणि रात्री झोपताना. डॉक्टरने ‘तंबाखू खाता का’ असे विचारले तर ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. प्रश्न ‘मिश्री लावता का’ असाच विचारावा लागतो.

सुपारीबद्दलचा गैरसमज याहून पक्का आहे. तंबाखू नसलेली सुपारीही माणसात कर्करोग घडवते, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्येच दिला आहे. तरी लहान मुलांच्या हाती गोड सुपारीची पुडी सहज दिसते. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे, सुगंधी तंबाखू आणि सुपारीवरही ती आहे. ती दरवर्षी नव्या आदेशाने वाढवली जाते. पानटपरीवर उभे राहून पाच मिनिटे पाहिले की या आदेशांची ताकद कळते. पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, दोन्ही हातावर ओतून एकत्र केल्या की गुटखा तयार.

लोक ऐकत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. ती तपासून पाहणारे संशोधनही जुने आहे आणि ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले, जिचे नाव घेतले की भौतिकशास्त्र आठवते. तिथल्या डॉ. फली मेहता आणि प्रकाश गुप्ता यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या सुमारे ३६ हजार लोकांना घरोघरी भेटून, तोंड तपासून, समोरासमोर समजावले. जोडीला चित्रपट, रेडिओ, वर्तमानपत्रे. सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि तोंडात नव्याने उठणारे, पुढे कर्करोगात बदलू शकणारे पांढरे चट्टे कमी झाले. तिरुवनंतपुरमच्या प्रयोगात तर आरोग्यसेवकांनी नुसते टॉर्च घेऊन तोंड तपासले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. दारू, वाढते वजन, बसून राहणे यांचाही कर्करोगात वाटा आहेच आणि शहरांत तो वाढतो आहे. पण ज्या राज्यात चारांतला एक प्रौढ तोंडात तंबाखू धरतो तिथे सल्ल्यांच्या यादीचा क्रम ठरवताना घोटाळा होऊ नये.

१९९९ मध्ये धाराशिवच्या प्रयोगात तिशीत नाव नोंदवलेल्या स्त्रिया आता साठीच्या आसपास आहेत. त्यांच्या मुली आज तपासणीच्या वयात आहेत आणि काहींच्या नाती लवकरच लशीच्या वयाला पोहोचतील. त्यांच्या उपकेंद्रात आजही बाटली आहे ती व्हिनेगरची, पाच वर्षांतून एकदा उघडायची.